घरातलं माणूस गेल्यावर वारसाचा कागद कुठून आणि कसा काढायचा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे "वारस दाखला" नावाचा एकच कागद असतो आणि तो एकदा हातात आला की बँक, शेत, फ्लॅट, गाडी, पीएफ सगळीकडे तोच दाखवून काम होतं. महाराष्ट्रात तरी असं काही नाहीये. शेतासाठी तलाठ्याकडची वारस नोंद वेगळी, तहसीलचा दाखला वेगळा, कोर्टाचं वारस प्रमाणपत्र म्हणजे हेअरशिप वेगळं आणि कोर्टाचंच सक्सेशन सर्टिफिकेट त्याहून वेगळं. आणि बऱ्याच ठिकाणी यातलं काहीच लागत नाही, साधं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्यांची ना हरकत एवढ्यावर भागतं, पण काउंटरवरचा माणूस सवयीने "सक्सेशन घेऊन या" म्हणतो आणि आपण घाबरून थेट वकिलाकडे पळतो.

म्हणून आधी कुठेही अर्ज न करता घरी बसून एक यादी करा. गेलेल्या माणसाच्या नावावर काय काय होतं ते सगळं, जमीन कुठल्या गावात कुठल्या गटात, घर ग्रामपंचायतीत का नगरपालिकेत, बँकेची खाती, एफडी, पोस्ट, शेअर्स, एलआयसी, पीएफ, गाडी, लॉकर. प्रत्येकापुढे नॉमिनी आहे का नाही ते लिहा. जुनी विसरलेली खाती असतील तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून शोधता येतात, दहा वर्षं हात न लागलेले पैसे बँका रिझर्व्ह बँकेच्या फंडात जमा करतात पण ते बुडत नाहीत, वारसाला मिळतात. मग त्या त्या ऑफिसला विचारायचं की तुम्हाला नेमका कुठला कागद लागतो, आणि शक्यतो ईमेलवर किंवा अर्ज देऊन विचारा, तोंडी विचारलं की दर वेळी नवीन माणूस नवीन उत्तर देतो. या यादीवरून कळेल की कोर्टात जायची गरज खरंच आहे का. माझ्या मते निम्म्या लोकांना नसते.

मृत्यू दाखला

हा मात्र सगळीकडे लागतो, आणि एक नाही, पाच सहा प्रती आताच काढून ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, हॉस्पिटलमध्ये माणूस गेला असेल तर हॉस्पिटलच कळवतं, घरी गेला असेल तर आपल्याला ग्रामपंचायत किंवा पालिकेत जाऊन करावी लागते. २१ ते ३० दिवस झाले तर विलंब शुल्क भरून होतं, ३० दिवसांच्या पुढे लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. आधी यासाठी कोर्टात जावं लागायचं, २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी हा आदेश देतात. त्याच्या आधी जिथे मृत्यू झाला तिथून नोंद सापडत नाही असा अनुपलब्धतेचा दाखला घ्यावा लागतो. आजोबा पणजोबांच्या मृत्यूची नोंदच नाही अशी शेकडो घरं आहेत आणि तिथे सगळं काम इथेच अडकतं, म्हणून सुरुवात इथून करा.

दाखल्यावरचं नाव नीट वाचा. सातबाऱ्यावर पांडू, आधारवर पांडुरंग आणि दाखल्यावर पांडुरंगराव असं असेल तर पुढे प्रत्येक टेबलावर तुम्हाला थांबवतील. स्पेलिंग चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्तीचा अर्ज द्या, आणि नाव अगदीच वेगळं असेल तर या सगळ्या नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. लग्न झालेल्या मुलींचं हेच दुखणं असतं, माहेरचं नाव वेगळं सासरचं वेगळं, त्यांचं लग्नाचं प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत आधीच मागून घ्या.

माणूस हरवला असेल आणि सापडतच नसेल तर मृत्यू दाखला मिळत नाही. सात वर्षं त्याच्याबद्दल ज्यांना कळायला हवं होतं त्यांना काही कळलं नाही तर कायदा त्याला मृत धरू शकतो, पण त्यासाठी दिवाणी कोर्टातून तसं जाहीर करून घ्यावं लागतं, आणि तेव्हा हरवल्याची पोलीस तक्रार कधी दिली होती ते बघतात.

वारस कोण, हे ठरवताना जास्त भांडणं होतात

मृत्युपत्र नसेल तर कोणाला मिळणार हे ज्याच्या त्याच्या धर्माच्या कायद्याने ठरतं. हिंदू पुरुष गेला (यात बौद्ध, जैन, शीख पण आले) तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांना सारखा हिस्सा. आई लोक नेहमी विसरतात. मुलगा गेला, सून आणि नातवंडांची नावं लावली, म्हातारी आई जिवंत आहे पण तिचं नाव कुणी घातलंच नाही, असं सर्रास होतं. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत, ते दुसऱ्या वर्गात येतात, म्हणजे पहिल्या वर्गातलं कुणीच नसेल तरच त्यांचा नंबर. एखादा मुलगा किंवा मुलगी आधीच गेली असेल तर त्यांची मुलं त्यांच्या हिश्श्यावर येतात, आणि आधी गेलेल्या मुलाची विधवा पण येते.

हिंदू बाई गेली तर मुलं, मुली आणि नवरा आधी, त्यांच्यानंतर नवऱ्याचे वारस. पण तिला आईवडिलांकडून आलेली प्रॉपर्टी असेल आणि मूलबाळ नसेल तर ती तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते, नवऱ्याकडे नाही.

मुलींबद्दल अजूनही लोक विचारतात की लग्न झालंय मग नाव लावायचं का. लावायचं. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी जन्मापासून मुलासारखीच हक्कदार आहे, आणि वडील २००५ च्या आधी गेले का नंतर याने फरक पडत नाही हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. (जुनी वाटणी २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर झाली असेल तर ती उघडत नाही, ते वेगळं.) आणि वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीत तर मुलीचा हिस्सा १९५६ पासूनच आहे.

बाकी थोडक्यात. घटस्फोट झालेली बायको वारस नाही, पण नुसती वेगळी राहणारी आहे. दत्तक मूल दत्तक घराचं वारस. सावत्र बापाच्या प्रॉपर्टीत सावत्र मुलाला वारस म्हणून हक्क नाही. पहिली बायको असताना केलेलं दुसरं लग्न हिंदूंमध्ये बेकायदेशीर, त्यामुळे दुसरी वारस होत नाही, पण तिची मुलं बापाच्या प्रॉपर्टीत वारस होतात. मुस्लिम कुटुंबात हिस्से त्यांच्या कायद्याने ठरलेले असतात आणि आधी गेलेल्या मुलाची मुलं जिवंत मुलगा असताना वारसात येत नाहीत, ख्रिश्चन आणि पारशी लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, विधवा आणि मुलं असतील तर ख्रिश्चनांमध्ये विधवेला एक तृतीयांश आणि बाकी मुलांना.

हे सगळं एवढं सांगायचं कारण असं की पुढे कुठल्याही ऑफिसात जा, पहिला कागद वंशावळीचाच मागतात. वंशावळ म्हणजे मूळ माणसापासून खाली सगळी नावं, कोण जिवंत कोण मयत, मयत असेल तर कधी, प्रत्येकाचं वय, पत्ता, मोबाईल. यात एकही नाव लपवू नका. बहिणींची नावं गाळून काम लवकर होतं असं सांगणारे गावोगाव भेटतात, लवकर होतंही, मग ती बहीण किंवा तिचा मुलगा दहा वर्षांनी अपिलात जातो आणि तोपर्यंत तुम्ही जमीन विकलेली असेल तर घेणाराही तुमच्या मागे लागतो. शिवाय प्रतिज्ञापत्रावर खोटं लिहिणं हा गुन्हा आहे.

बहिणीला खरंच हिस्सा नको असेल तर तिचं नाव आधी लागू द्या आणि मग तिच्याकडून रजिस्टर्ड हक्कसोडपत्र करून घ्या. तलाठ्यापुढे "मला हक्क नको" असा जबाब दिला किंवा साध्या स्टॅम्पवर लिहून दिलं म्हणजे हक्क सुटत नाही, जमीन घराचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. रक्ताच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीचं बिनमोबदला हक्कसोड असेल तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, त्यामुळे पैसे वाचवायला म्हणून शॉर्टकट मारण्यात काही अर्थ नाही.

प्रतिज्ञापत्राचं अजून एक. सरकारी ऑफिसात किंवा कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. बाहेरचा टायपिंगवाला पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावतो तेव्हा आधी आत जाऊन विचारा. बँकेसाठीच्या बॉंडला मात्र स्टॅम्प लागतो.

शेतजमिनीची वारस नोंद

इथे कोर्ट लागत नाही, भांडण नसेल तर. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात सगळे तलाठीच म्हणतात) कळवायचं असतं. तीन महिने होऊन गेले म्हणून हक्क जात नाही, उशिरा पण नोंद होते, फक्त मधल्या काळात पीक कर्ज, अनुदान, पीकविमा सगळं अडकतं.

अर्जासोबत मृत्यू दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ अ, सगळ्या वारसांचे आधार, रेशनकार्ड आणि बरेच तलाठी पोलीस पाटील किंवा सरपंचाचा वारसांबद्दलचा दाखला मागतात. अर्ज सज्जावर म्हणजे तलाठ्याच्या ऑफिसात देता येतो किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाईन भरता येतो. ऑनलाईन भरला तर नंबर मिळतो, प्रत्यक्ष दिला तर पोच घ्यायला विसरू नका, पोच नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नव्हता असं धरा.

त्यानंतर दोन टप्पे असतात आणि लोक इथे गोंधळतात. आधी तलाठी गाव नमुना ६ क म्हणजे वारस रजिस्टरमध्ये नोंद घेतो, गावात चौकशी करतो, पंचांना विचारतो, आणि वारस कोण हे मंडळ अधिकारी म्हणजे सर्कल ठरवतात. मग त्यावरून नमुना ६ मध्ये फेरफार म्हणजे नाव बदलाची नोंद पडते, सगळ्या वारसांना नोटीस जाते, चावडीवर लागते, हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली नाही तर सर्कल नोंद प्रमाणित करतात आणि सातबाऱ्यावर नावं चढतात. फेरफार कुठे पोचलाय ते आपली चावडीच्या वेबसाईटवर घरी बसून बघता येतं, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, त्यामुळे नुसतं "झालं का हो भाऊसाहेब" विचारायला चकरा मारू नका.

हरकत आली तर ती तक्रारी नोंद होते, दोन्ही बाजूंना बोलावून सुनावणी होते आणि निकाल दिला जातो. पटला नाही तर प्रांताकडे ६० दिवसांत अपील. एक लक्षात घ्या, सर्कल आणि प्रांत मालकी ठरवत नाहीत. फेरफार हा महसुली रेकॉर्ड आहे, नुसत्या नोंदीने मालकी येत नाही आणि जात पण नाही, सुप्रीम कोर्टाने हे कितीतरी वेळा सांगितलंय. खरा वाद हिश्श्याचा असेल तर वाटपाचा दावा दिवाणी कोर्टातच टाकावा लागतो, तहसीलला वर्षानुवर्षं तारखा करण्यात वेळ घालवू नका.

अजून एक जुनी भानगड म्हणजे ए.कु.मॅ. वडील गेल्यावर थोरल्या भावाचं एकट्याचं नाव एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लागलेलं असतं, चाळीस वर्षं झाली तरी तसंच. आता तो भाऊ गेला की त्याच्या मुलांना वाटतं सगळी जमीन आपली. अशा वेळी जुना फेरफार नंबर सातबाऱ्यावर असतो त्याची नक्कल रेकॉर्ड रूममधून काढा, त्यात बहुतेक वेळा सगळ्या भावंडांची नावं लिहिलेली सापडतात आणि तो तुमचा सगळ्यात मजबूत कागद असतो. अज्ञान म्हणजे १८ च्या आतल्या मुलांच्या नावापुढे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) शेरा असतो, मुलं मोठी झाली की तो कमी करून घ्यायचा अर्ज पण द्यावा लागतो, आपोआप निघत नाही.

आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर उडी मारून थेट नातवाचं नाव लागत नाही, आजोबांचे सगळे वारस, त्यातले मयत कोण, त्यांचे वारस कोण अशी साखळी पूर्ण करावी लागते. २०२५ मध्ये सरकारने जिवंत सातबारा मोहीम काढली ती याच कामासाठी, मयत खातेदारांची नावं काढून वारस लावायला. गावात असं शिबिर लागलं तर सोडू नका, एरवी महिनोन्महिने रखडणारं काम तिथे खरंच पटकन होतं.

घर, प्लॉट, फ्लॅट

शहरात प्रॉपर्टी कार्ड असेल तर तलाठी नाही, नगर भूमापन किंवा भूमि अभिलेख उपअधीक्षकांकडे वारस नोंदीचा अर्ज. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव लावायचं, पण तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नाही. पालिकेच्या घरपट्टीचं तसंच.

सोसायटीतल्या फ्लॅटला नॉमिनी असेल तर त्याला तात्पुरता सभासद करून घेतात, आणि कायम सभासदत्व मृत्युपत्र, सक्सेशन किंवा हेअरशिप, किंवा सगळ्या वारसांचा कौटुंबिक करार यावर होतं. सहकार कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १५४ ब-१३ हेच सांगतं. म्हणजे सगळे वारस एकमताने असतील तर कौटुंबिक कराराचा रस्ता मोकळा आहे. सोसायटी जाहीर नोटीस द्यायला आणि इंडेम्निटी बॉंड (पुढे कुणी दावा केला तर नुकसान आम्ही भरू अशी लेखी हमी) द्यायला सांगेल, त्यात वावगं काही नाही. कमिटीने कोर्टाचाच कागद हवा म्हणून हट्ट धरला तर हे कलम दाखवा आणि नकार लेखी मागा. बऱ्याचदा लेखी मागितलं की हट्ट सुटतो. पण पुढे फ्लॅट विकायचा असेल तर घेणाऱ्याची बँक टायटल बघताना हेअरशिप मागू शकते, तेव्हा विकायचा विचार पक्का असेल तर ते आधीच काढलेलं बरं.

नॉमिनी आणि वारस यांची गल्लत करू नका. नॉमिनी पैसे घेतो, मालक होतोच असं नाही, तो बाकीच्या वारसांसाठी सांभाळणारा असतो. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये परत हेच सांगितलं. विम्याला थोडा अपवाद आहे, २०१५ पासून आईवडील, नवरा बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच होतात.

बँक

नॉमिनी असेल किंवा खातं "आयदर ऑर सर्व्हायव्हर" (दोघांपैकी कुणीही, आणि एक गेला तर मागे राहिलेला) असेल तर मृत्यू दाखला, क्लेम फॉर्म आणि ओळखपत्र, बास. कुठलाही वारस दाखला मागायचा बँकेला अधिकार नाही, खात्यावर कोर्टाचा मनाई हुकूम नसेल आणि नॉमिनेशनवर वाद नसेल तर.

नॉमिनी नसेल तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेले नवे निर्देश वाचा आणि प्रिंट काढून खिशात ठेवा. रक्कम १५ लाखांपर्यंत असेल (सहकारी बँकेत ५ लाख, बँक स्वतःहून यापेक्षा जास्त मर्यादा ठेवू शकते) तर सोप्या पद्धतीने पैसे द्यायचे, म्हणजे क्लेम फॉर्म, मृत्यू दाखला, वारसांचा इंडेम्निटी बॉंड, जे वारस पैसे घेत नाहीत त्यांची ना हरकत, आणि वारस दाखला किंवा त्याऐवजी कुटुंबाला चांगलं ओळखणाऱ्या त्रयस्थ माणसाचं वारसांबद्दलचं लेखी निवेदन. जामीनदार मागायचा नाही. सगळे कागद दिल्यावर १५ दिवसांत पैसे द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर बँक रेट अधिक ४ टक्के दराने भरपाई. बँकांना हे ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करायला सांगितलं होतं. त्याच्या वर रक्कम असेल किंवा वारसांत वाद असेल तर मग कोर्टाचा कागद मागू शकतात.

डीमॅटमधल्या शेअर्सना पण साधारण असंच, नॉमिनी नसताना १५ लाखांपर्यंत प्रतिज्ञापत्र, बॉंड आणि ना हरकत यावर काम होतं, कागदी शेअर्सना ही मर्यादा ५ लाख. ही मर्यादा प्रत्येक कंपनीच्या कागदी शेअर्सना वेगळी धरतात, त्यामुळे एकूण बेरीज बघून घाबरू नका.

तहसीलचा दाखला

तहसील कार्यालयातून मिळणारा वारस दाखला मर्यादित कामापुरता असतो, मुख्यतः सरकारी नोकर गेला तर त्याची थकबाकी, ग्रॅच्युइटी वगैरेसाठी. तलाठ्याची चौकशी, पंचांचे जबाब आणि प्रतिज्ञापत्र यावर तो निघतो. कुठल्या कामासाठी पाहिजे ते अर्जात लिहा आणि ज्या ऑफिसला द्यायचाय त्यांचं पत्र जोडा, मोघम अर्ज परत येतो. फॅमिली पेन्शनसाठी जोडीदाराचं नाव पीपीओवर म्हणजे पेन्शनच्या आदेशावर आधीच असेल तर हा दाखला काढायच्या भानगडीत पडू नका, पीपीओ आणि मृत्यू दाखल्यावर ते काम होतं.

कोर्ट लागलंच तर

दोन कागद, दोन कायदे. बँकेतले पैसे, शेअर्स, कुणाकडून येणं असलेली रक्कम याच्यासाठी सक्सेशन सर्टिफिकेट, १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ३७२ खाली. जमीन घरासाठी ते मिळत नाही. स्थावर मिळकतीसाठी किंवा एकूणच वारस म्हणून मान्यता पाहिजे असेल तर हेअरशिप, आणि ते मिळतं मुंबई रेग्युलेशन ८, साल १८२७ याखाली. हो, अठराशे सत्तावीस, इंग्रज कंपनीच्या काळातला नियम अजून चालू आहे आणि रोज वापरला जातो. वकिलाकडे गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा की तुम्ही यातलं कुठलं टाकताय आणि का, कारण चुकीचं टाकलं तर निकाल हातात येऊनही बँक किंवा भूमि अभिलेख म्हणणार हा नको दुसरा आणा.

अर्ज कुठे, तर माणूस शेवटी जिथे राहत होता तिथल्या कोर्टात, जिल्ह्यात बहुतेक दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे, मुंबई शहरात हायकोर्टाच्या टेस्टामेंटरी म्हणजे मृत्युपत्र आणि वारसाची कामं बघणाऱ्या विभागात. कायमचा पत्ताच नसेल तर जिथे मालमत्ता आहे तिथे. अर्जात मृत्यूची तारीख, राहण्याचं ठिकाण, सगळ्या वारसांची नावं नातं पत्ते, आणि सक्सेशन असेल तर खाते नंबर, एफडी नंबर, रकमा अशी पूर्ण यादी द्यावी लागते. ही यादी नीट करा, सर्टिफिकेट यादीतल्या गोष्टींनाच चालतं. काही राहिलं तर नंतर वाढवून घेता येतं पण परत अर्ज परत फी. कोर्ट फी यादीतल्या रकमेवर लागते, म्हणून ज्या खात्यांना नॉमिनी आहे आणि ज्यांचे पैसे कोर्टाशिवाय मिळणार आहेत ती यादीत घालूच नका, वकील सांगणार नाहीत, तुम्ही सांगा.

शक्य असेल तर सगळे वारस मिळून अर्जदार व्हा. नाहीतर बाकीचे सामनेवाले होतात, त्यांना बेलिफामार्फत नोटीस जाते, ती बजावून येईपर्यंत तारखा पडत राहतात, परदेशात कुणी असेल तर बघायलाच नको. सामनेवाल्यांनी हजर होऊन ना हरकतीची पुरसीस म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन दिलं की काम सरळ होतं. सोबत पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागते, हरकतीला साधारण महिन्याची मुदत असते, मग अर्जदाराचं सरतपासणीचं म्हणजे स्वतःच्या साक्षीचं शपथपत्र, मूळ कागद दाखवणे आणि हरकत नसेल तर आदेश. आदेश झाला म्हणजे सर्टिफिकेट मिळालं असं नाही, फी भरून ते तयार करून घ्यावं लागतं, आणि कोर्टाने जामीन किंवा बॉंड द्यायला सांगितला असेल तर तो आधी. भांडण नसेल तर काही महिने धरा, भांडण असेल तर तो दाव्यासारखाच चालतो. केसचा सीएनआर नंबर (कोर्टाने प्रत्येक केसला दिलेला वेगळा क्रमांक) वकिलाकडून पहिल्याच दिवशी घ्या, ई-कोर्ट्स अॅपवर टाकला की पुढची तारीख आणि काय झालं ते स्वतः बघता येतं.

सक्सेशन सर्टिफिकेट पूर्ण भारतात चालतं, पुण्याच्या कोर्टाचं असेल तरी बंगळुरूच्या बँकेला घ्यावं लागतं. पण ते ज्याच्या नावाने आहे तो एकटा मालक झाला असं नाही, बँकेने त्याला पैसे दिले की बँक सुटते, बाकीचे वारस त्याच्याकडून हिस्सा मागू शकतात. आणि माहिती लपवून घेतलेलं असेल तर ते रद्द होतं.

वारस होण्याने गेलेल्या माणसाचं कर्ज आपल्या पगारातून फेडावं लागेल का, ही भीती पण लोकांना असते. जेवढं वारसाने मिळालं तेवढ्यापुरतीच जबाबदारी येते, तुम्ही स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार नसाल तर.

वारसांमध्ये लहान मूल असेल तर त्याच्या नावावर नोंद होऊ द्या, पालक म्हणून आईचं नाव येतं, पण त्याला वारसाने आलेला स्वतंत्र हिस्सा विकायचा तर आधी कोर्टाची परवानगी काढावी लागते, ती न काढता विकलेलं ते मूल मोठं झाल्यावर रद्द करून मागू शकतं. गाडीचं काम सगळ्यात सोपं पण सगळेच विसरतात, ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचं, तोपर्यंत इन्शुरन्स कंपनीलाही कळवून ठेवा, नाहीतर मधे ॲक्सिडेंट झाला तर क्लेमला अडचण येते.